नाव ओढणारी गाडी

मुंबईची एखादी यांत्रिक नाव गंगापूर धरणावर आणावयाची, तर ती पिकअपमागें ट्रेलरवर घालून कसारा घाट चढावा लागतो, आणि दुरुस्तीस परत नेतांना उतरावाही लागतो. घाटांत ट्रेलर शेपटीसारखा हेलकावूं लागला कीं पुष्कळ मालक पिकअपचे कमानपाटे वाढवून घेतात. दुखणें एकीकडे आणि लेप दुसरीकडे!

बैलगाडी मागें जड झाली म्हणजे उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. तरफेचा धडा शिकवितांना मी हेंच उदाहरण घेत असें. नावेचें यंत्र मागें टांगलेलें असतें. शिवाय तळाशीं पाणी राहिलें, तर चढावर तेंही मागें धांवतें. मग ट्रेलर पिकअपची मागली बाजू उचलूं पाहतो, तिच्या मागल्या चाकांची पकड सुटते आणि हेलकावे सुरू होतात.

म्हणून निघण्यापूर्वीं तळचें बूच काढून पाणी सोडावें व नाव थोडी पुढें घ्यावी. नाव आणि ट्रेलर मिळून ६०० किलो असतील, तर आकड्यावर सुमारें ६० किलो भार यावा. आकड्याच्या उंचीवर ट्रेलरची दांडी माणसांच्या साध्या वजनकाट्यावर टेकविली कीं तो कळतो. फार पुढें घेतल्यास मात्र पिकअप मागें बसते, पुढचीं चाकें हलकीं होऊन वळणावर गाडी ऐकत नाहीं. भार नीट असूनही ती बसत असेल, तरच पाट्यांचा विचार करावा. टायरांत हवा पुरी हवीच.

उतारावर खालचा गिअर आधींच घालावा. हेलकावा आलाच, तर वेग वाढवूं नये, ब्रेकही करकचून दाबूं नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून स्टिअरिंग सरळ धरावें.