संकल्प विक्रीचा की वसुलीचा?

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते, पेढे वाटले जातात. एके काळी अनेक व्यापाऱ्यांचे हिशेबाचे वर्षच या दिवशी सुरू होई. पुढे १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकरासाठी सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि लहान धंदेवाल्याच्या वाट्याला दोन नवी वर्षे आली: एक लक्ष्मीचे, दुसरे सरकारचे. संकल्प मात्र दोन्ही वेळा एकच असतो. ‘यंदा धंदा दुप्पट करायचा!’

धंदा वाढावा असे कोणाला वाटणार नाही? पण ‘धंदा’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त विक्री असते. या समजुतीला बँकांनीही थोडा हातभार लावला आहे. नायक समितीच्या १९९२ सालच्या शिफारशींमधून एक सोपा हिशेब रूढ झाला. लघुउद्योगाच्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या निदान २० टक्के रक्कम बँकेने खेळते भांडवल म्हणून द्यावी आणि ५ टक्के मालकाने घालावी. हेतू चांगला होता आणि लहान उद्योजकाला त्याचा उपयोगही झाला. पण कर्ज जास्त हवे तर अपेक्षित विक्री जास्त लिहावी, हे अर्जदार लगेच शिकले. बँकेत असताना असे पुष्कळ अर्ज माझ्या टेबलावर आले. त्यातला पुढच्या वर्षाचा अंदाज ही एक छोटी कादंबरीच असे. फरक इतकाच, की त्या कादंबरीवरचे व्याज खरे असते.

एक साधे उदाहरण घेऊ. लोखंडी खिडक्या-दरवाजे करणाऱ्या एका वर्कशॉपची विक्री महिना ४ लाखांची, म्हणजे वर्षाला ४८ लाखांची आहे. सगळा माल उधारीवर जातो आणि पैसे तीन महिन्यांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी १२ लाख रुपये गिऱ्हाइकांकडे अडकलेले. आता मालकाने ६० लाखांचा संकल्प केला आणि तो पुराही केला. महिन्याची विक्री ५ लाख झाली, येणे १५ लाखांवर गेले. वर्तमानपत्रात फोटो यावा असे यश! पण ३ लाख रुपये आणखी बाहेर अडकले. त्यातला नफ्याचा भाग वगळला, तरी पत्रा, वीज आणि कारागिरांची मजुरी रोख द्यावीच लागते. ती कोठून येणार? बँकेकडून, नाहीतर घरातल्या दागिन्यांवरून.

याच मालकाने विक्री ४८ लाखांवरच ठेवली आणि वसुली तीन महिन्यांवरून दोनावर आणली, तर येणे ८ लाखांवर येते. हातात ४ लाख मोकळे होतात. त्यातून १२ टक्क्यांचे कर्ज फेडले, तर वर्षाला ४८ हजारांचे व्याज वाचते, तेही एकही जादा खिडकी न बनवता. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते.

वसुलीला कायद्याचे पाठबळही आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागते. तरीही लहान उद्योजक मोठ्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवायला धजत नाही. ते तुटले तर पुढची ऑर्डर कोण देणार, ही भीती खरी आहे. म्हणूनच वर्षाच्या संकल्पात आणखी एक ओळ हवी: एकाच गिऱ्हाइकावर निम्मा धंदा राहू द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट घरची. नवरा कारखान्यात, बायको बिले, फोन आणि बँक सांभाळते. वर्षअखेर ३ लाख नफा दिसतो आणि सारे खूश होतात. पण दोघांनी दुसऱ्याकडे नोकरी करून महिना १५ हजार जरी मिळवले असते, तरी वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले असते. म्हणजे हा नफा नाही, ६० हजारांचा तोटा आहे, आणि तो प्रामुख्याने घरच्या बाईच्या न मोजलेल्या कष्टांनी झाकलेला आहे. वर्षाच्या ध्येयात दोघांचा पगार पहिल्यांदा लिहावा. गल्ल्यातून लागेल तसे उचलणे बंद करावे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’चा पुढचा पसारा सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली एक शिस्त फार मोलाची वाटते: लाटणारीच मालकीण, आणि तरी तिच्या लाटण्याची मजुरी वेगळी मोजून तिच्या हातावर ठेवायची. मालकी आहे म्हणून कष्ट फुकट, असे तेथे कोणी मानले नाही.

आणखी एक. वर्षाचे बारा सारखे तुकडे करू नयेत. पेणच्या गणपती कारखान्यात खर्च महिनोन्‌महिने चालतो, पैसा मुख्यतः चतुर्थीच्या आगेमागे येतो. मंडपवाला लग्नसराईवर जगतो, फराळवाला दिवाळीवर. जूनमध्ये मुलांच्या फिया भरायच्या असतात, तेव्हा गल्ल्यात काय असेल, हे जानेवारीतच मांडून पाहावे.

तेव्हा पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ जरूर लिहावे. त्याखाली तीन आकडे लिहावेत: पैसे किती दिवसांत घरी येतील, आम्हा दोघांचा पगार किती आणि सर्वांत कोरड्या महिन्यात हाताशी किती रक्कम असेल. विक्रीचा आकडा चौथा. आणि हे पान नवरा-बायकोने एकत्र बसून लिहावे, कारण धंदा बुडाला तर दोघांचेही नाव त्यात असते.