नाशिकहून कोकणात : महानगर टाळणारी वाट

बाह्यवळण की पर्यायी मार्ग? गावाच्या वेशीपाशी फुटून, वस्तीला वळसा घालून पुन्हा मूळ महामार्गास मिळते ते बाह्यवळण. सारा प्रवासच निराळ्या तालुक्यांतून नेतो तो पर्यायी मार्ग. पुढील वाट या दुसऱ्या प्रकारची.

मार्गक्रम : कसारा घाट उतरून शहापुरी आल्यावर, न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या अवजड मालमोटारींनी व्यापलेल्या भिवंडी, ठाणे, पनवेल या पट्ट्यात न शिरता, डावीकडे वळावे; मुरबाड, कर्जत, खोपोली व पाली अशा क्रमाने सह्याद्रीच्या पायथ्यालगत जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ, तो नागोठण्याजवळ वाकण येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो.

क्रमांक : मुंबई-गोवा महामार्ग हा पनवेल ते कन्याकुमारी या राष्ट्रीय महामार्ग ६६ चा भाग. २०१० च्या फेररचनेपूर्वी क्रमांक १७. जुन्या नकाशांत तोच आढळतो.

वाटेतील मुक्काम : पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांपैकी एक, पाठीशी सरसगड. चतुर्थीस येथे दर्शनार्थींची दाटी असते.

ध्यानात असावे : पावसाळ्यात कसारा घाटात दाट धुके. गणेशोत्सवापूर्वीच्या दिवसांत मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्यांची वाहने वाकणपासून पुढे मुंबई-गोवा महामार्गावर असतात. ती गर्दी या वाटेनेही टळत नाही.