काळाच्या खुणा

मोठ्या वस्तूचे रूप ठरावीक प्रमाणात लहान करून घडवलेल्या वस्तूस प्रमाणबद्ध प्रतिकृती असे म्हणतात. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण जगभर प्रचलित आहे. या प्रमाणात सहा फुटांचे एक इंच होते. म्हणजे उभा माणूस जेमतेम इंचभर उंचीचा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान कोणते व मित्राचे कोणते, हे आकारावरून ओळखता यावे म्हणून सैनिकांना अशा प्रतिकृती दाखवून शिकवले जाई. पुढे प्लॅस्टिकचे सुटे भाग बाजारात मिळू लागले आणि या कामाचा छंद झाला.

भाग चिकटवून रंग दिला की प्रतिकृती पूर्ण झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले विमान आणि रणभूमीवर महिनोन्‌महिने राबलेले विमान सारखे दिसत नाही. ऊन, पाऊस, धूळ, धूर आणि माणसांचा वावर यांच्या खुणा त्याच्या अंगावर उमटतात. प्रतिकृतीवर अशा खुणा उमटवण्याच्या कामाला 'वेदरिंग' म्हणतात. हे काम हाताच्या कौशल्याचे आहे, तितकेच अभ्यासाचेही आहे.

'हॉकर हरिकेन' या लढाऊ विमानाचे उदाहरण घेऊ. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिल्या क्रमांकाची स्क्वाड्रन तेथे हरिकेन विमाने उडवत होती. तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते. या विमानाच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर होता. १:७२ प्रतिकृतीत तो सुमारे १७ सेंटिमीटर भरतो.

प्रथम वैमानिकाची बैठक व तिच्या भोवतालचा भाग रंगवून घेतात, कारण विमानाचे दोन अर्ध चिकटवल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही. जोडाच्या फटीत लांबी भरून ती पॉलिश पेपरने घासतात. मग अस्तराचा रंग आणि त्यावर गडद हिरव्या व मातकट तपकिरी रंगांचे पट्टे देतात. त्यानंतर चकचकीत रोगण लावून, पाण्यात भिजवलेली चिन्हे त्यावर अलगद सरकवतात. येथेही इतिहास जाणावा लागतो. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरील लाल सूर्याशी त्याची गल्लत होऊ नये, म्हणून या आघाडीवर तो काढून टाकून निळ्या व फिकट निळ्या रंगांची वर्तुळे वापरली गेली.

यानंतर वेदरिंगची पाळी येते. पातळ केलेला काळपट रंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडून वरचा पुसून घेतात. त्यामुळे सांधे उठून दिसतात. इंजिनाच्या धुराड्यांपासून मागे जाणारा काजळीचा पट्टा खडूच्या बारीक पुडीने दाखवतात. वैमानिक डाव्या बाजूने चढत असे. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग उडालेला दाखवणे योग्य ठरते. स्पंजाचा लहान तुकडा चंदेरी रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून टेकवला, की रंग उडून उघडा पडलेला पत्रा दिसू लागतो. शेवटी चमक नसलेले रोगण दिले जाते.

नवशिक्याची चूक बहुधा याच टप्प्यावर होते. चंदेरी ठिपके सुंदर दिसतात म्हणून तो ते शेपटीपर्यंत देत जातो. पण हरिकेनच्या धडाचा मागील भाग पत्र्याचा नव्हता. लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेल्या कापडाचा होता. कापडावरचा रंग झिजला तरी खालून धातू कसा चमकेल? तेथे रंग फिकट होतो, मळतो, क्वचित ठिगळ दिसते. म्हणजे, वरची झीज दाखवायची तर आत काय आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी जुनी छायाचित्रे पाहावीत. दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात जतन केलेले हरिकेन प्रत्यक्ष पाहता आले, तर अधिकच उत्तम.

अतिरेकही टाळावा लागतो. आघाडीवरील तंत्रज्ञ विमाने शक्य तितकी नीट राखत, कारण वैमानिकाचे प्राण त्यांच्या निगेवर अवलंबून असत. प्रतिकृतीवर माखलेली निष्कारण घाण त्या अनाम हातांवर अन्याय करते. म्हणून प्रत्येक डागाला कारण असावे. डाव्या पंखावरच्या त्या झिजलेल्या कोपऱ्यावर पाय ठेवून कोणीतरी विमानात चढले होते, एवढे जरी पाहणाऱ्याच्या मनात आले, तरी १७ सेंटिमीटर पंखांची ती वस्तू निव्वळ खेळणे राहत नाही. ती इतिहासाची साक्ष होते.