धुतलेली बाटली आणि उकळलेली बाटली

पहाटेचे चार वाजले आहेत. भुईगावात अजून अंधार आहे. समुद्राकडून गार वारा येतो आहे. अशा वेळी एका घरात दिवा लागलेला आहे, असे समजा.

त्या घरातली सून बाजाराला निघाली आहे. रात्रीच फुले बांधून ठेवली आहेत. पहिली गाडी पकडायची आणि दादरचा बाजार गाठायचा. वसईच्या कितीतरी बाया फुले आणि भाजी विकायला अशाच मुंबईला जातात. निघण्याआधी तिने बाळाला पोटभर पाजले. बाळ चार महिन्यांचे आहे. सून दुपारी परत येईल. तोवर बाळ आजीजवळ राहील. आजी त्याला बाटलीने डब्याचे दूध पाजील.

आजी कामाला चोख आहे. बाळाचे दूध पिऊन झाले की ती बाटलीत पाणी घालते, खळखळ हलवते आणि ओतून टाकते. मग बाटली उजेडात धरून बघते. बाटली लख्ख दिसते. आजीला समाधान वाटते. तरीही बाळाला महिन्यात दोनदा जुलाब झाले. असे का व्हावे?

एके दिवशी आशाताई घरी आल्या. त्या म्हणाल्या, "आजी, बाटलीचं निपल जरा उलटं करून दाखवा बरं."

आजीने निपल आतून बाहेर उलटवले. आत पिवळट, चिकट थर बसलेला होता. वासही आंबट येत होता.

"अगं बाई!" आजी म्हणाली. "मी तर रोज धुते."

"तुम्ही बाटली धुता, आजी. निपल धुतच नाही. आणि नुसतं धुऊन भागत नाही, उकळावंही लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत."

दोन कामे का?

दूध जसे बाळाचे अन्न आहे, तसेच ते जंतूंचेही अन्न आहे. जंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ऊब, ओल आणि दूध मिळाले की त्यांची वाढ झपाट्याने होते. काही जंतू तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आता हिशेब करून पाहा. एका जंतूचे तासाभरात 8 होतात. दोन तासांत 64 होतात. चार तासांत 4,096 होतात. आणि आठ तासांत एक कोटी साठ लाखांच्या वर जातात! सकाळी बाटलीत राहिलेला दुधाचा एक थेंब संध्याकाळी काय करू शकतो, ते यावरून कळेल.

पाण्यात पदार्थ नासतो तो जंतूंमुळे, आणि उष्णतेने जंतू मरतात, हे फ्रान्समधल्या लुई पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने 1860 नंतरच्या काळात प्रयोग करून दाखवले. दूध तापवून ठेवायची आपली जुनी रीत याच कारणाने चांगली आहे. मग ज्या बाटलीत दूध घालायचे, ती बाटली नको का तापवायला?

पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दुधाचा थर तसाच ठेवून बाटली उकळली, तर थराच्या आड जंतू लपून राहू शकतात. शिवाय थर शिजून आणखी घट्ट बसतो. म्हणून आधी धुणे, मग उकळणे. धुण्याने मळ जातो. उकळण्याने जंतू मरतात. एकाचे काम दुसरे करीत नाही.

न धुता येणारी बाटली

ही चूक फक्त आपल्याकडे झाली असे नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये एक नवीन बाटली निघाली होती. तिला लांब रबरी नळी असे. नळीच्या टोकाला निपल असे. बाळाच्या तोंडात निपल दिले की बाळ पडल्या पडल्या आपले आपण दूध ओढी. कामकरी आयांना मोठी सोय वाटली. बाटली खूप खपली.

पण त्या नळीच्या आत ना बोट जाई, ना ब्रश जाई. आत दूध नासे. तेच नासके दूध बाळाच्या पोटात जाई. किती तरी बाळे जुलाबांनी दगावली. लोक त्या बाटलीला खुनी बाटली म्हणू लागले. डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध कितीही सांगितले, तरी ती विकली जातच राहिली. शेवटी फ्रान्समध्ये 1910 साली कायदा करून नळीच्या बाटलीवर बंदी घातली.

त्या आया निष्काळजी नव्हत्या. आपल्या आजीप्रमाणेच त्यांनाही वाटले, वरून स्वच्छ दिसते म्हणजे स्वच्छ आहे. आजच्या बाटलीला लांब नळी नसते. पण निपल असते, आटे असतात, झाकण असते. त्या सांदीत दूध बसतेच.

बाटली धुवायची कशी?

आधी आपले हात साबणाने धुवा. नखांखालीही चोळा.

बाळाचे पिऊन झाले की उरलेले दूध लगेच फेकून द्या. "इतकं दूध वाया कशाला घालवायचं? पुढच्या वेळी चालेल," असे मनात आणू नका. उष्टे दूध लवकर नासते.

बाटली सुटी करा. बाटली, निपल, निपलची कडी आणि झाकण, सगळे वेगळे करा. आधी गार पाण्याने विसळा. दूध वाळू देऊ नका. वाळले की निघायला कठीण जाते.

मग गरम पाणी आणि साबण घेऊन ब्रशने आतून घासा. हा ब्रश फक्त बाळाच्या बाटलीसाठी ठेवा. आटे घासा. निपल उलटे करून चोळा. मग सरळ करून त्यात पाणी भरा आणि दाबा. भोकातून पाण्याची धार आली पाहिजे.

राख, वाळू, काथ्या वापरू नका. पितळेच्या भांड्याला ते ठीक. प्लॅस्टिकच्या बाटलीवर त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू घर करतात.

शेवटी साबण पुरता जाईपर्यंत चांगल्या पाण्याने धुवा.

उकळायची कशी?

एक मोठा टोप घ्या. त्यात सर्व भाग पुरते बुडतील इतके पाणी घाला. बाटली आडवी करून आत पाणी भरू द्या. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर तेवढी जागा पाण्याबाहेर राहते. बाटली काचेची असेल तर ती गार पाण्यातच ठेवा आणि मग टोप चुलीवर किंवा गॅसवर चढवा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर काच तडकेल. बाटली उचलायचा चिमटाही त्यातच टाका.

टोपावर झाकण ठेवा. पाणी खदखदू लागले की घड्याळ पाहा. तेथून पुढे 10 मिनिटे मोजा. टोप चुलीवर ठेवल्यापासून मोजू नका. पाणी आटून भाग उघडे पडत नाहीत ना, तिकडे लक्ष ठेवा.

दहा मिनिटे झाली की टोप उतरवा. झाकण तसेच ठेवून निवू द्या. लहान मुलांना टोपाजवळ येऊ देऊ नका.

मग पुन्हा हात धुवा. चिमट्याने एकेक भाग काढा. पाणी झटका. निपल कडेला धरा. टोकाला बोट लावू नका. निपल बसवून वर झाकण लावा. ही बाटली एका दिवसात वापरली नाही, तर पुन्हा उकळा.

येथेच पुष्कळ जण चुकतात. उकळलेली बाटली पदराने पुसतात. किंवा माठातल्या पाण्याने पुन्हा विसळतात. म्हणजे दहा मिनिटांचे काम एका क्षणात वाया! उकळल्यावर पुसू नका, विसळू नका.

रोज दर वेळी उकळणे जड जात असेल, तर तीन-चार बाटल्या ठेवा. एका वेळी सगळ्या उकळा. निपल चिकट झाले, फुगले किंवा चिरले तर फेकून द्या. बाटली घेताना तिच्यावर आय.एस.आय. शिक्का आहे का, आणि ती उकळायला चालते का, ते वाचून घ्या.

पाणी कोणते?

समुद्रकाठच्या गावात काही विहिरींचे पाणी मचूळ असते. आजीने विचारले, "उकळलं की ते गोडं होतं ना?"

नाही. उकळण्याने जंतू मरतात, पण मीठ जात नाही. उलट पाणी आटते आणि मीठ तेवढेच राहते. मचूळ पाणी बाटली उकळायला चालेल. मात्र बाळाचे दूध त्यात कालवू नका. बाळाला इतके मीठ सोसत नाही. दुधासाठी पिण्याचे गोडे पाणीच घ्या आणि तेही उकळा.

डब्यातली पूडही अगदी जंतुरहित नसते. म्हणून पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच पूड कालवा. डब्यावर लिहिले असेल तितकीच पूड आणि तितकेच पाणी घ्या. डबा पुरावा म्हणून दूध पातळ करू नका. बाळ उपाशी राहील. मग बाटली गार पाण्यात धरून दूध निववा. मनगटावर थेंब टाकून पाहा. कोमट लागले की पाजा. कालवलेले दूध दोन तासांपलीकडे ठेवू नका.

बाटलीशिवाय चालते का?

आशाताईंनी डबा आजीच्या हातात दिला. "आजी, तुम्ही साक्षरता वर्गाला जाता. हे वाचा पाहू."

आजीने बोट ठेवून वाचले. आईचे दूध बाळासाठी सर्वांत चांगले, अशा अर्थाचे शब्द तेथे होते. आजी हसली. "विकणारेच असं लिहितात?"

"लिहावंच लागतं. तसा कायदा आहे."

हा कायदा 1992 साली झाला. 2003 साली तो आणखी कडक केला. बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला त्याने बंदी आहे. कारण आईच्या दुधाला बाटली लागत नाही, पाणी लागत नाही, उकळावेही लागत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा नको. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे आणि त्यानंतरही ते पाजावे.

"पण आई बाजारात गेली म्हणजे?" आजीने विचारले.

तिने निघताना स्वच्छ हातांनी दूध काढून, उकळलेल्या भांड्यात झाकून ठेवावे. गार सावलीत ते चार तास टिकते. फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येते. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. वाटी-चमचाही धुऊन उकळावा लागतो. पण त्याला आटे नाहीत, भोक नाही, सांदी नाही. मळ राहिला तर लगेच दिसतो. आपल्या जुन्या आज्या बोंडल्याने दूध पाजीत. पण बोंडल्याच्या चोचीतही दूध अडकते. त्याहून उघडी वाटी बरी.

जुलाब झालेच तर

आईचे दूध थांबवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लगेच दवाखान्यात न्या. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, टाळू खाली गेली, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणभरही थांबू नका. दवाखान्यात ओ.आर.एस.ची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या मिळतात. सांगतील तसे द्या. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण 14 दिवस द्यायच्या असतात.

आता त्या घरी पहाटे दिवा लागतो, तेव्हा सून आधी दूध काढून ठेवते. आजीने ओट्याजवळच्या भिंतीवर आपल्या हाताने चार ओळी लिहून लावल्या आहेत. अक्षर थोडे वाकडे आहे, पण वाचता येते:

हात धुवा.
आधी घासा, मग उकळा.
खदखदल्यावर 10 मिनिटे.
पुसू नका, विसळू नका.

तुम्हीही या चार ओळी लिहून आपल्या घरी लावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.