नाही म्हणता म्हणता

जिवाणू मेला, तरी त्याने उठवलेली गाठ वाढतच राहिली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेचे आर्मिन ब्राऊन या कोड्याने पछाडले होते. द्राक्ष, गुलाब अशा झाडांच्या बुंध्याशी ओबडधोबड गाठी येतात. त्या मातीतल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमुळे येतात, हे १९०७ मध्येच कळलं होतं. ब्राऊन यांनी उष्णता देऊन जिवाणू मारले, पण गाठ थांबेना. मरण्यापूर्वी जिवाणू झाडाच्या पेशीत काहीतरी ठेवून गेला होता, हे उघड होतं. काय ठेवलं, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

पुढे काही संशोधकांनी दावा केला, की जिवाणू आपला डीएनएच झाडात सोडतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणाऱ्या मेरी-डेल चिल्टन यांना हे पटेना. कुठे जिवाणू, कुठे झाड! दावेदारांचे पुरावेही त्यांना कच्चे वाटत होते. त्यांनी स्वतः तपासणी केली आणि १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह निष्कर्ष छापला: गाठीत जिवाणूचा डीएनए आढळत नाही.

प्रकरण तिथेच मिटायचं. पण त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहरातून बातमी आली. जेफ शेल आणि मार्क व्हॅन मॉन्टागू यांच्या गटाला गाठ आणणाऱ्या जिवाणूंमध्ये डीएनएचं एक भलंमोठं कडं, म्हणजे प्लास्मिड, सापडलं होतं. गाठ न आणणाऱ्या जिवाणूंत ते नव्हतं. आता शोध घ्यायचा तो या कड्याचा.

चिल्टन यांची रीत अशी: प्लास्मिडच्या डीएनएवर किरणोत्सारी खूण करायची, त्याचे दोन्ही धागे तापवून सुटे करायचे आणि ते पुन्हा किती वेळात जुळतात ते मोजायचं. गाठीच्या डीएनएत तसेच धागे असले, तर जोड्या लवकर जुळणार. तंबाखूच्या गाठीचा डीएनए मिसळला, तरी वेग वाढला नाही. पुन्हा ‘नाही’!

इथे एक शंका उरली. झाडात सबंध कडं न जाता त्याचा एखादाच तुकडा जात असेल, तर? एवढ्या मोठ्या प्लास्मिडच्या मोजमापात तो हरवूनच जाईल. गटाने विकराने प्लास्मिड कापलं, तुकडे वेगळे केले आणि एकेकाची परीक्षा सुरू केली. किचकट काम. एकामागून एक तुकडे नापास होत गेले आणि मग एका तुकड्याच्या जोड्या भराभर जुळल्या. जिवाणूचा डीएनए खरोखरच झाडात होता! जो दावा खोडायला चिल्टन निघाल्या होत्या, तो १९७७ मध्ये त्यांच्याच गटाने सिद्ध केला.

जिवाणूचा डाव आता कळला. तो झाडात जनुकं घुसवतो आणि फक्त आपल्यालाच पचेल असं अन्न झाडाकडून करवून घेतो. मग रोगाची जनुकं काढून तिथे हवं ते जनुक बसवलं तर? जानेवारी १९८३ मध्ये मायामीच्या परिषदेत शेल-व्हॅन मॉन्टागू, मॉन्सॅन्टो कंपनी आणि चिल्टन अशा तीन गटांनी ही युक्ती साधल्याचं जाहीर केलं. कीड मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाचं मूळ रोप याच जिवाणूच्या मदतीने अमेरिकेत तयार झालं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने ते जनुक संकरातून आपल्या वाणांत आणलं आणि २००२ मध्ये त्यांना भारतात परवानगी मिळाली.

२०१५ मध्ये आणखी एक धक्का बसला. गेंट आणि पेरूमधल्या संशोधकांनी रताळ्याचे लागवडीतले २९१ नमुने तपासले. प्रत्येकात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए होता, तोही प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासूनचा. एकादशीला आपण श्रद्धेने उकडून खातो, तेच हे रताळं.

जनुक बदललेल्या पिकांबाबत बियाण्याची किंमत, कंपन्यांची मक्तेदारी, पुरेशा चाचण्या यांवर भांडायला अजून भरपूर जागा आहे, आणि भांडायलाच हवं. मात्र ‘निसर्गात असं घडतच नाही’ हा मुद्दा त्या भांडणात आणता येणार नाही. चिल्टन यांनाही तो एकेकाळी बिनतोड वाटला होता. मोजमाप उलटं आलं, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला.