प्यादेमात आणि 'बाल्डर्स गेट'

'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ साली आलेला, जगभर गाजलेला खेळ संगणकावर १५० जीबी जागा मागतो. रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या मोबाइल पॅकवर तो उतरवून घ्यायचा म्हटले तर शंभर दिवस लागतील, आणि तेवढे दिवस फोनवर दुसरे काहीच करता येणार नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या सिंदफणाकाठच्या गावात नवा खेळ ही सहज हाताला लागणारी वस्तू नाही. दसरा-दिवाळी उलटली की या भागातली कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात. मागे राहिलेल्या मुलांकडे असतो तो बहुधा एखादा फोन किंवा कुणाचा तरी जुना संगणक. याच मालिकेतला पहिला खेळ मात्र कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने १९९८ साली पाच सीडींवर आणला होता, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती आज अँड्रॉइड फोनवरही चालते. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो: ज्याची गोष्ट पाठ झाली आहे, ज्यातले सगळे राक्षस कुठे दबा धरून बसलेत हे ठाऊक आहे, असा आवडता खेळ पाचव्यांदा किंवा दहाव्यांदा ताजा कसा वाटेल? प्रश्न करमणुकीचा असला तरी त्याच्या उत्तरासाठी गणित आणि मानसशास्त्र दोन्ही लागतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की खेळाडूने आपले पर्याय विचारपूर्वक कमी केले तर जुना खेळ नव्याने उघडतो. पर्याय वाढवत गेल्याने तसे सहसा होत नाही.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवरचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जण एकेक पात्र होतो: कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा पुजारी, कुणी कुलपे आणि सापळे उघडणारा चोर. ही टोळी, म्हणजे 'पार्टी', मिळून मोहिमेवर निघते. पहिल्या 'बाल्डर्स गेट'ने याच खेळाचे नियम संगणकावर आणले. त्यात नायकासह जास्तीत जास्त सहा जणांची पार्टी करता येते आणि वाटेत भेटणाऱ्या २५ सोबत्यांमधून पाच निवडता येतात. २५ मधून ५ निवडण्याचे ५३,१३० मार्ग आहेत. वर्षाला पाच वेळा खेळ संपवला तरी सगळ्या जोडण्या संपायला दहा हजारांहून अधिक वर्षे लागतील. काही सोबती जोडीनेच येतात, जसे खालिद आणि जहीरा; एडविनला तर डायनाहीरचा जीवच हवा असतो. अशी बंधने वजा केली तरी आकडा प्रचंडच राहतो.

एवढे पर्याय असतील तर कंटाळा यायलाच नको. पण तो येतो, कारण पर्याय खेळात असतात आणि सवयी खेळाडूत. बायोवेअरच्याच 'मास इफेक्ट' या मालिकेबद्दल तिथे काम केलेल्या जॉन एबेंजर यांनी २०२० मध्ये सांगितले होते, की सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाचाच मार्ग धरत. त्यातही पार्टी होती, दुसरा मार्ग पूर्ण होता, त्यावर निर्मात्यांनी पुष्कळ मेहनत घेतली होती. तरी बहुतेकांनी तो पाहिला नाही. 'बाल्डर्स गेट'मध्येही तेच घडते. पुढे दोन ढालवाले, मागे धनुष्य, एक पुजारी, एक चोर, एक जादूगार अशी पार्टी पहिल्या वेळी जमून जाते आणि मग ५३,१३० जोडण्यांतली तीच पुन्हा निवडली जाते, फार तर दोन नावे बदलून. नावे बदलली तरी लढाईत घ्यायचे निर्णय तेच राहतात. ढालवाला खालिद असो वा दुसरा कुणी, त्याला दारात उभे करायचे आणि मागून बाण सोडायचे हे ठरलेले. खेळ शिळा होतो तो या ठरलेपणामुळे.

याला मेंदूच्या पातळीवर आधार आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी जोरात पेटतात. पण थेंबाआधी दिवा लागतो हे माकड शिकले की त्या पेशी दिव्याला पेटू लागतात आणि प्रत्यक्ष रसाला गप्प राहतात. शिवाय कबूल केलेला रस मिळाला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली येते. पीटर डेयन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलेला अर्थ असा, की या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. माकडाच्या चेतापेशींवरून माणसाच्या आनंदाचा सगळा हिशेब मांडता येत नाही, हे खरे. पण दिशा कळते. ओळखीच्या लढाईत ओळखीची युक्ती वापरली तर फरक शून्याजवळ जातो. राक्षस बदलणे आपल्या हातात नाही, युक्ती बदलणे आहे.

युक्ती बदलायची तर 'या वेळी वेगळे खेळू' एवढा निश्चय पुरत नाही, कारण संकट आले की हात जुन्या उपायाकडेच जातो. तो उपाय बंदच करावा लागतो. इथे रॉबर्ट स्मिथ आणि एड ओब्रायन यांचा २०१९ मधला एक प्रयोग फार बोलका आहे. लोकांना मक्याच्या लाह्या एकेक करून खायला दिल्या. निम्म्यांनी हाताने खायच्या, निम्म्यांनी चिनी पद्धतीच्या काड्यांनी. काड्यांनी खाणाऱ्यांना लाह्या जास्त आवडल्या. लाही तीच होती, पण अनोळखी रीतीमुळे लक्ष तिच्यावर खिळले. पुन्हा पुन्हा पाहिलेली चित्रफीत हातांची दुर्बीण करून पाहायला लावली तेव्हाही गोडी परत आली. ओब्रायन यांनी त्याच सुमारास आणखी एक गोष्ट दाखवली: एखादे प्रदर्शन, चित्रपट किंवा खेळ दुसऱ्यांदा अनुभवताना किती मजा येईल याचा अंदाज लोक प्रत्यक्षापेक्षा कमी बांधतात. पहिल्या वेळी बरेच काही नजरेतून सुटलेले असते, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्राला हे तत्त्व प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, आणि तेही खेळातूनच. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळाचे नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांपेक्षा वेगळे होते. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसताना राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. आणि जिंकण्या-जिंकण्यात प्रत होती. वजिराने किंवा हत्तीने केलेली मात ही मातच, पण शेवटचा शह प्याद्याने दिला तर तो विजय सर्वांत मानाचा. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ इंग्रजीत छापला गेला, त्याचे मूळ संस्कृत 'विलासमणिमंजरी'. त्यातल्या कूटांमध्येही प्याद्याने मात करण्याची अट येते. मराठवाड्याचे या परंपरेशी नाते आहेच: औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांच्या १८७१ मधल्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या अवाढव्य ग्रंथातले 'क्रीडाकौशल्य' हे प्रकरण खेळांनाच वाहिलेले आहे. प्यादेमातीचे मोल नीट पाहायला हवे. पट तोच, सोंगट्या त्याच, एकही नवे घर नाही. तरीही समोरच्याला सहज हरवू शकणाऱ्या खेळाडूला ही अट डाव पुन्हा अवघड करून देते. आता वजिराने मात करता येईल तिथे थांबावे लागते, राजाला कोंडून ठेवावे लागते आणि एका क्षुल्लक प्याद्याला हळूहळू पुढे आणावे लागते. एरवी ज्याचा बळी देताना कुणी विचारही करत नाही, त्याला शेवटपर्यंत जपावे लागते.

आज जगभरचे खेळाडू नेमके हेच करत आहेत. १९९२ च्या 'फायनल फँटसी ५' या जपानी खेळात चार नायक असतात आणि त्यांना वीसेक पेशे बदलता येतात. त्याचे चाहते दरवर्षी 'फोर जॉब फिएस्टा' भरवतात: चार स्फटिकांपासून मिळणाऱ्या पेशांतून प्रत्येकी एक चिठ्ठीने काढायचा आणि त्या चार पेशांवरच खेळ संपवायचा. त्यातून आजारी मुलांसाठी निधीही जमतो. प्राणी पकडून लढवायच्या 'पोकेमॉन'मध्ये निक फ्रँको या तरुणाने २०१० मध्ये 'नझलॉक' रूढ केला. सहा प्राण्यांपैकी जो बेशुद्ध पडेल तो मेला असे मानून सोडून द्यायचा. एरवी औषध पाजून उठवता येणाऱ्या त्या प्राण्याबद्दल खेळाडूला खरी काळजी वाटू लागली.

'बाल्डर्स गेट'वर ही रीत लावून पाहिली की तिची खोली कळते. समजा, पार्टीत पुजारी घ्यायचाच नाही असे ठरवले. लगेच औषधी काढ्यांच्या बाटल्यांना सोन्याचे मोल येते, आजवर दुर्लक्षित राहिलेला चोर अंधारात पुढे जाऊन टेहळणी करू लागतो, आणि जिथे एरवी तलवार उपसली जाई तिथे बोलून वाट काढता येते का हे तपासले जाते. सगळेच जादूगार घेतले तर? पहिल्या पातळीवरच्या जादूगाराच्या अंगात जेमतेम चार गुणांचे बळ, आणि एखादा लांडगाही त्याला फाडू शकतो. सुरुवातीचा तास जीव मुठीत धरून जातो, शेवट मात्र आतषबाजीसारखा. सर्वांत सुंदर उदाहरण लहान पार्टीचे आहे. कामगिरीबद्दल मिळणारा अनुभव या खेळात पार्टीतल्या सगळ्यांत समान वाटला जातो. सहाऐवजी तिघेच असतील तर प्रत्येकाला दुप्पट वाटा मिळतो आणि ते लवकर बलवान होतात. म्हणजे खेळाडू स्वतःवर जे बंधन घालतो त्याची थोडी भरपाई नियमांतच आहे. एकट्याने खेळणेही त्यामुळे अशक्य न राहता फक्त निराळे होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की काठिण्यपातळी वाढवण्याची सोय खेळात असताना हा खटाटोप कशाला? कारण बहुतेक खेळांत काठिण्य वाढते म्हणजे शत्रूचे आकडे वाढतात. जुनीच युक्ती जास्त वेळ चालवावी लागते, एवढाच परिणाम. बंधनामुळे युक्तीच बदलावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा नियम पाळायला लावणारे कुणी नाही, मनात आले की मोडता येतो, मग त्याला अर्थ काय? तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या 'द ग्रासहॉपर'मध्ये खेळाची व्याख्याच अशी केली, की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. या अर्थाने स्वतः घातलेली अट खेळाच्या गाभ्यातच बसते. प्यादेमातीचीही सक्ती कुणावर नव्हती. पाहणाऱ्यांची दाद हीच तिची ताकद होती. ज्यांना स्वतःवर भरवसा नाही त्यांच्यासाठी 'बाल्डर्स गेट ३'मध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात 'ऑनर मोड' आला: एकच सेव्ह, चुकीचा निर्णय मागे घेण्याची सोय नाही.

गोष्ट आधीच माहीत असण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये दाखवले, की शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांना उलटे आढळले. प्रयोगांचा निकाल असा दुभंगलेला असला तरी मला बीड जिल्ह्यात गावोगाव भरणाऱ्या हरिनाम सप्ताहांचा दाखला जास्त पटतो. कीर्तनाला घेतलेला अभंग श्रोत्यांपैकी अनेकांना तोंडपाठ असतो. लोक शेवट ऐकायला येत नाहीत. हा कीर्तनकार त्याच चरणांतून कोणती वाट काढतो हे ऐकायला येतात. दहाव्यांदा खेळणाऱ्याचे कुतूहलही त्याच जातीचे आहे.

वेळ वाया जातो, ही पालकांची तक्रार मात्र हलकी मानू नये. खेळण्यावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात नोंदला गेला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर भारताने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. पण एकाच शब्दाखाली सगळे खेळ मोडीत काढणे चूक ठरेल. जुना 'बाल्डर्स गेट' इंटरनेटशिवाय चालतो, मध्येच पैसे मागत नाही, रोज हजेरी लावली नाही म्हणून शिक्षा करत नाही आणि मुख्य म्हणजे संपतो. भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला तो कुठे थांबवायचा हे ठरवता येते. तासांची मर्यादा हेही एक बंधन म्हणून खेळता येईल: अमुक तासांत ठरलेला टप्पा गाठायचा, जमले नाही तर मोहीम फसली असे मानायचे.

करून पाहायचे असेल तर अट खेळ सुरू होण्याआधी कागदावर लिहावी, कारण मधल्या संकटात प्रत्येकाला ती सैल करावीशी वाटते. सोबत्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून पाच उचलाव्यात. आणि एका पडद्याभोवती चारपाच मित्र जमत असतील तर एकेक पात्र एकेकाला वाटून द्यावे: जादूगाराचा मंत्र कधी सोडायचा हे फक्त त्याच्या मालकाने ठरवायचे, इतरांनी फार तर विनवणी करायची. एकाच खेळाडूच्या डोक्यातली ठरलेली पार्टी तिथे राहूच शकत नाही, कारण पात्रांमागे खरोखरच वेगवेगळी डोकी असतात, जशी १९७४ च्या मूळ खेळात होती. 'बाल्डर्स गेट'मध्ये ऐन लढाईतही काळ थांबवता येतो आणि थांबलेल्या काळात आज्ञा देता येतात. भर रणात मित्रांचा कितीही वाद रंगला तरी समोरचा राक्षस तोवर पाऊल उचलत नाही.