खिशावरचं नाव

परळच्या केईएम रुग्णालयात कुठल्याही वॉर्डात डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा पाहा. निळ्या दोऱ्यानं भरलेलं नाव दिसलं, तर ते बहुधा मशीनचं भरतकाम असतं.

कापड आधी फ्रेममध्ये ताणून बसवतात. मागे बॅकिंगचा कागद हवाच, नाहीतर कापडाला चुण्या पडतात. सुईचा दोरा वरून येतो, बॉबिनचा खालून, आणि प्रत्येक टाक्याला दोघांची गाठ कापडात पडते. संगणकावर अक्षरांचे टाके ठरवणं म्हणजे डिजिटायझिंग. खरं कसब मला इथेच दिसतं. बारीक रेघेला रनिंग टाका, अक्षराच्या जाडीला सॅटिन. सॅटिनचे टाके काठापासून काठापर्यंत शेजारी शेजारी पडतात. ते फार लांब झाले तर अडकून उसवतात, म्हणून मोठ्या जागेत छोट्या टाक्यांचा फिल भरतात.

देवनागरीत शिरोरेषा जपावी लागते. दोऱ्याच्या ताणानं तिचे काठ आत ओढले जातात आणि ती आखल्यापेक्षा बारीक उतरते. म्हणून जाणता कारागीर ती मुळातच किंचित जाड आखतो. कोट उलटा करून पाहा: सॅटिनच्या पट्टीत मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या दोऱ्याचा दिसला, तर ताण बरोबर जुळलाय.